फुटला की फोडला? मुलांबरोबर एक अवघड कादंबरी वाचताना

रविवारच्या मराठी शाळेत मी बाराखडी शिकवते. पालक माझ्याकडे येतात ते बहुतेक ‘ळ’ची तक्रार घेऊन. गेल्या वर्षी मात्र तीन आया, तीन वेगवेगळ्या रविवारी, डबे आवरता आवरता एकच गोष्ट विचारून गेल्या. पोरांना शाळेत कादंबरी लावली आहे, तिच्यात पोलीस एका ब्लॅक मुलाला गोळी घालतो, घरी यावर काय बोलायचं? एकीनं आवाज खाली करून विचारलं, ‘इतक्या लवकर हे सगळं कशाला गं?’

आम्ही अमेरिकेत, मिनियापोलिसच्या पश्चिमेला, गावापासून वीस मिनिटांवर राहतो. २०२० च्या मे महिन्यात, पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडला मारलं त्यानंतर, आमच्या डेकवर हेलिकॉप्टरांचा आवाज येत होता आणि संचारबंदीचा इशारा द्यायला घरातले सगळे फोन एकदम किंचाळले होते. थोरली तेव्हा अकरा वर्षांची. आम्ही काय केलं? टीव्ही बंद केला आणि कॅरम काढला. त्यामुळे ‘लवकर’ या शब्दावर बोलायचा मला फारसा अधिकार नाही. उशीर करून पाहिलेला आहे. खाली लिहिते आहे ते त्यानंतरच्या तीन उन्हाळ्यांत, बऱ्याच चुका करत जमलेलं.

कुठलं पुस्तक, कुठल्या वयाला

सगळी पुस्तकं सांगत बसत नाही. आमच्या घरात तीन वाचली, ती तीनच सांगते.

दहा-अकराच्या मुलाला ज्युवेल पार्कर ऱ्होड्स यांचं ‘घोस्ट बॉइज’ (२०१८). शिकागोतला बारा वर्षांचा मुलगा, हातात खेळण्यातली बंदूक, पोलिसाची गोळी, आणि मग पुढची गोष्ट त्याचं भूत सांगतं. त्याला भेटणारं दुसरं भूत खऱ्या मुलाचं आहे: एमेट टिल, वय १४, १९५५ साली मिसिसिपीत ठार मारलेला. खेळण्यातल्या बंदुकीची गोष्टही हवेतून आलेली नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात क्लीव्हलँडमध्ये बारा वर्षांच्या तामिर राइसला पोलिसांनी गाडी येऊन थांबल्यावर दोन सेकंदांच्या आत गोळी घातली, आणि त्याच्याजवळही खेळण्यातलीच बंदूक होती. हे पुस्तक संपल्यावर आमच्या धाकट्यानं आपली नर्फची खेळण्यातली बंदूक कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. स्टूल ओढून नेलं, ठेवली, खाली उतरला. मी काही विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

बारा-तेराला ‘ऑल अमेरिकन बॉइज’ (२०१५). हे दोघांनी मिळून लिहिलं आहे, ब्लॅक लेखक जेसन रेनल्ड्स आणि गोरा लेखक ब्रेंडन काइली यांनी. गोष्टही दोन मुलं आळीपाळीनं सांगतात. रशाद दुकानात चिप्स घ्यायला गेलेला असतो, चोरीच्या खोट्या संशयावरून पोलीस त्याला बाहेर आणून बडवतो. क्विन हा गोरा मुलगा ते बघतो, आणि मारणारा पोलीस त्याच्या घरच्यांसारखा आहे. एकच पुस्तक वाचणार असाल तर हे वाचा, असं मी म्हणेन, आणि तेही क्विनच्या प्रकरणांसाठी. आपली मुलं रशाद नाहीत, बहुतेक वेळा क्विनही नाहीत. पण रस्त्याच्या पलीकडे उभं राहून बघणं आपल्याला चांगलं माहीत आहे.

चौदाच्या पुढे अँजी थॉमस यांचं ‘द हेट यू गिव्ह’ (२०१७). २००९ च्या एक जानेवारीला ओकलंडच्या स्टेशनवर रेल्वे पोलिसानं ऑस्कर ग्रँट या तरुणाला गोळी घातली. त्यानंतर थॉमस यांनी कॉलेजात असताना एक कथा लिहिली, तिचीच पुढे ही कादंबरी झाली. सोळा वर्षांची स्टार आपल्या बालमित्राच्या, खलीलच्या, गाडीत बसलेली असते, आणि झालेल्या प्रकाराची ती एकटीच साक्षीदार. चौदाच्या आधी नको म्हणते ते गोळीमुळे नव्हे. शिव्या आहेत, बॉयफ्रेंडचे प्रसंग आहेत, आणि आमच्यासारख्या घरात आई-लेकीनं ते शेजारी बसून वाचायचे म्हणजे दोघींचं लक्ष अवघडण्यातच जातं. मुद्दा राहतो बाजूला. ती पानं तिला एकटीला वाचू द्या.

आधी एकटीनं वाचा, पेन्सिल घेऊन

मुलाच्या आधी पुस्तक तुम्ही संपवायचं. त्यातलं काय गाळायचं ते ठरवायला नव्हे. तुमची पहिली प्रतिक्रिया मुलासमोर बाहेर पडू नये म्हणून.

माझी सांगते. ‘द हेट यू गिव्ह’मध्ये दुसऱ्याच प्रकरणात पोलीस गाडी थांबवतो. खलीलला बाहेर काढतो, झडती घेतो, हलू नकोस म्हणतो आणि आपल्या गाडीकडे वळतो. तेवढ्यात खलील दार उघडून आत डोकावतो, तू ठीक आहेस ना, एवढं स्टारला विचारायला. आणि गोळ्या. माझ्या तोंडून निघालं, ‘अरे, कशाला हललास?’ स्वयंपाकघरात एकटीच होते, म्हणून बरं.

तेव्हा सुचलं म्हणून पिवळ्या चिकटचिठ्ठ्या घेतल्या. पुस्तक ग्रंथालयाचं, त्यात पेन्सिल कशी चालवणार. जिथे जिथे मनात ‘कशाला’ येईल तिथे चिठ्ठी लावायची आणि तिच्यावर ‘क’ लिहायचा. कशाला त्या पार्टीला गेली? कशाला उलटून बोलला? कशाला त्या वस्तीत राहतात, निघून का जात नाहीत? कशाला टीव्हीवर मुलाखत दिली? पुस्तक संपलं तेव्हा वरच्या कडेला सतरा पिवळी टोकं दिसत होती. उघडून पाहिली. सगळे ‘क’ त्या पोरांना, त्यांच्या आईबापांना, त्या वस्तीला. ज्यानं गोळी झाडली त्याला एकही ‘क’ नव्हता. त्याच्याकडे खलीलच्या गाडीतला केसांचा ब्रश आणि पिस्तूल यांतला फरक ओळखायला एक क्षण होता, तो त्यानं घेतला नाही, आणि मला ‘कशाला’ सुचलंसुद्धा नाही. पोलीस म्हणजे जणू पाऊस: आपण छत्री का नेली नाही एवढंच विचारायचं.

या चिठ्ठ्या तुम्ही लावाच. नवऱ्यालाही लावायला सांगा, वेगळ्या रंगाच्या. (आमच्याकडे हिरव्या होत्या. नऊ. तो वाचताना पानं गाळतो.)

शब्द आधी ठरवा

वाचायला बसण्याआधी घरात तीन-चार शब्दांचा निकाल लावून घ्या, नाहीतर दर पानाला अडखळाल.

पहिला म्हणजे त्या लोकांना म्हणायचं काय. वर्तमानपत्रं ‘कृष्णवर्णीय’ लिहितात. जेवणाच्या टेबलावर हा शब्द कुणी बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. धाकट्यानं विचारलं होतं, ‘म्हणजे कृष्णाच्या घरचे?’ ‘काळे’ म्हटलं की आपल्या तोंडात त्याच्यामागे आपोआप एक सूर येतो, तो तुम्हालाही माहीत आहे. आणि त्याहून वाईट शब्द आपल्या पार्ट्यांमध्ये, मुलं खाली बेसमेंटमध्ये गेल्यावर, हसत हसत वापरले जातात हेही. मुलांना वर सगळं ऐकू येतं. आम्ही सरळ ‘ब्लॅक’ म्हणतो. मराठी वाक्यात छान बसतो.

दुसरा म्हणजे ‘न’पासून सुरू होणारा तो शब्द. या पुस्तकांत तो येतो, पात्रं आपापसात वापरतात. आमच्याकडे मोठ्यानं वाचताना तिथे फक्त ‘तो शब्द’ म्हणायचं. पात्रं म्हणतात मग आपण का नाही, असं मूल विचारेलच. मी एवढंच सांगितलं, की आजी आजोबांना लाडानं जे म्हणायची ते शेजाऱ्यानं म्हटलेलं तिला चाललं नसतं. पुरलं.

तिसरा ‘वर्णद्वेष’. या शब्दाची एक गोची आहे. त्यात ‘द्वेष’ आहे, म्हणून आपण लगेच सुटतो: मी कुठे कुणाचा द्वेष करते? ऑफिसात माझी मैत्रीण आहे की एक. म्हणून मी ‘वर्णभेद’ म्हणते. भेद करायला राग यावा लागत नाही. वेगळा कप ठेवणाऱ्या बाया काही रागानं ठेवत नव्हत्या. शिवाय ‘वर्ण’ म्हणजे कातडीचा रंग आणि ‘वर्ण’ म्हणजे चातुर्वर्ण्यातला, हे दोन्ही आपल्या भाषेत एकाच शब्दात आहेत. मुलांच्या हे पटकन लक्षात येतं. मोठ्यांना थोडा वेळ लागतो.

आणि ‘ग्रँड ज्युरी’. ‘द हेट यू गिव्ह’मध्ये सगळी गोष्ट तिच्या निर्णयाकडे जाते, तेव्हा हे आधी कळलेलं बरं. सामान्य नागरिकांचा एक गट बंद दाराआड पुरावा ऐकतो आणि खटला भरायचा की नाही, एवढंच ठरवतो. दोषी की निर्दोष हा प्रश्न तिथे येतच नाही. खटलाच भरायचा नाही असं ठरलं, की उघड्या कोर्टात कुणाला काही विचारलंच जात नाही. मुलांना ‘सुटला’ आणि ‘उभाच केला नाही’ यांतला फरक सांगा.

फुटला की फोडला

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

उन्हाळ्यात सासूबाई मुंबईहून सहा महिन्यांसाठी येतात. इंग्रजी वाचत नाहीत. आम्ही दोघी काय एवढ्या वाचत बसतो हे त्यांना हवं असायचं, म्हणून दुपारी जाळीच्या ओसरीत, त्या मेथी निवडत असताना, मी त्यांना रोजचा भाग मराठीत सांगायचे. थोरली आत सोफ्यावर, कानात बोंडं घालून. घातलेली असतात, गाणी चालू नसतात.

त्या दिवशी मी सांगत होते, ‘मग तो पोरगा खिडकीपाशी वाकला, आणि गोळी सुटली.’

आतून आवाज आला, ‘आई, तू कप फुटला करते आहेस.’

आमच्या घरातली ही जुनी भानगड आहे. दोन्ही मुलं लहान असताना स्वयंपाकघरातून खळ्ळ आवाज यायचा आणि पाठोपाठ, ‘आई, कप फुटला!’ मी विचारायची, ‘फुटला की फोडला?’ तुमच्याही घरात हे झालं असणार. मराठी आई झाल्याची ती खूण आहे. आपल्या भाषेत अशा जोड्या पडल्या आहेत. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सांडणे-सांडवणे, मरणे-मारणे. पहिल्या शब्दात कुणीच नसतं. कप आपला आपण फुटतो.

शाळेत आपण प्रयोग शिकलो. माझी पोरं कर्मणीला उगाच बदनाम करतात, कारण इथे इंग्रजीच्या बाई तसं शिकवतात. ‘पोलिसानं गोळी झाडली’ हा आपल्याकडे कर्मणीच, पण त्यात पोलीस तृतीया लावून का होईना, उभा आहे. लपायची जागा दुसरीकडे आहे. ‘गोळी सुटली’, ‘गोळी लागली’, ‘तो गेला’, ‘गोळीबार झाला’, ‘चकमकीत ठार’. यांत पिस्तूल धरलेला हात शोधून दाखवा.

तेव्हा हा खेळ वहीत करा. एक प्रसंग घ्यायचा आणि तोच तीन वाक्यांत लिहायचा. थोरलीच्या वहीतली तिची वाक्यं तिच्या परवानगीनं देते:

पोलिसांच्या कारवाईदरम्यान एका तरुणाचा मृत्यू झाला.

गाडी थांबवली असताना गोळी लागून खलील मरण पावला.

एकशे पंधरा नंबरच्या पोलिसानं खलीलला गोळ्या घातल्या.

‘एकशे पंधरा’ हा त्याच्या बिल्ल्याचा आकडा. स्टार त्याला बराच काळ नावानं ओळखतच नाही, आकड्यानं ओळखते. सासूबाईंना हे फार आवडलं. ‘बरोबर आहे,’ म्हणाल्या, ‘नाव माणसाला असतं.’ मला ते तितकंसं पटलं नाही, कारण तोही माणूसच आहे आणि म्हणूनच तर त्याला विचारायचं. पण मेथीच्या वेळी मी वाद घालत नाही.

वाक्यं लिहून झाली, की मग खरा कागद दाखवा. २०२० च्या २५ मेला, सोमवारी संध्याकाळी, इथून वीस मिनिटांवर अडतिसावा रस्ता आणि शिकागो अॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसानं गुडघा दाबून धरला. नऊ मिनिटं एकोणतीस सेकंद. मिनियापोलिस पोलिसांनी त्या रात्री पत्रक काढलं, त्याच्या मथळ्याचा मराठी अर्थ असा होतो: पोलिसांशी संबंध आला असताना वैद्यकीय घटनेनंतर एका माणसाचा मृत्यू. मानेचं नाव नाही. गुडघ्याचंही नाही. कप फुटला.

तो फोडलेला होता हे जगाला कळलं ते सतरा वर्षांच्या एका मुलीमुळे. डार्नेला फ्रेझियर आपल्या नात्यातल्या नऊ वर्षांच्या बहिणीला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात खाऊ आणायला निघाली होती. ती थांबली आणि फोन धरून उभी राहिली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तो पोलीस, डेरेक शॉविन, दोषी ठरला त्यात तिच्या चित्रणाचा आणि साक्षीचा मोठा भाग होता, आणि २०२१ मध्ये तिला पत्रकारितेतल्या पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला. कादंबरीतली स्टार सोळा वर्षांची आणि ही सतरा. थोरलीला मी एवढंच सांगितलं. तिनं विचारलं, ‘ती बहीण आता कशी आहे?’ मला माहीत नव्हतं. ते तिच्यावर सोडलेलं बरं, आपण पत्ता काढत बसू नये.

आपल्याकडेही असंच, हे लगेच म्हणू नका

पुस्तक अर्ध्यावर आलं, की आपल्यातला सुशिक्षित माणूस म्हणतो, ‘आपल्याकडे जातीचं असंच आहे.’ खरं आहे. धागाही जुना आहे: जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना. १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर ही ब्लॅक लोकांची संघटना उभी राहिली, आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर, नाव तिच्यावरूनच. स्टारचा बाप मुलांकडून ब्लॅक पँथरचा दहा कलमी कार्यक्रम पाठ करून घेतो, तिथे हे मुलांना नक्की सांगा.

पण पहिल्याच दिवशी नको. ‘असंच आहे’ म्हटलं की मूल पुस्तकातून बाहेर येतं आणि आपण व्याख्यान सुरू करतो. आणि असंच नाहीये. प्रत्येकाची हाडं वेगळी मोडलेली आहेत. घाई करू नका. ज्याच्याकडे सांगायचं असेल तो सांगेल.

आमच्याकडे सासूबाईंनी सांगितलं. ग्रँड ज्युरीचा भाग झाला त्या दुपारी त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘रमाबाई नगरच्या वेळी मीही हेच म्हटलं होतं.’

त्यांचं घर घाटकोपरला, पंतनगरात. पोस्टात नोकरी. १९९७ च्या ११ जुलैला सकाळी रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला, लोक महामार्गावर उतरले, आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा माणसं मारली. दुसऱ्या दिवसापासून एकच बोललं जायचं: गॅसचे टँकर पेटवायला निघाले होते, पोलीस काय करणार? ‘मी काउंटरवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगत होते,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मी पाहिलं होतं का? नव्हतं पाहिलं. पण काहीतरी केलंच असेल ना, त्याशिवाय का.’ पुढे चौकशी आयोगानं तो गोळीबार अनावश्यक होता असं म्हटलं. अधिकारी दोषी ठरायला २००९ उजाडलं. तोवर सासूबाई निवृत्त झाल्या होत्या, आणि काउंटरवर ज्यांना सांगितलं त्यांना परत गाठून काही सांगता येत नाही.

थोरली दारात उभी होती. कानातली बोंडं हातात. मी तिला काहीही समजावलं नाही, आणि त्या दिवशी पुढचं पान वाचलं नाही.

थोडं किरकोळ

रात्री झोपताना वाचू नका. आम्ही शनिवारी सकाळी, पोहे खाऊन, तास-सव्वा तास. गोळीचं किंवा मारहाणीचं प्रकरण आलं तर त्या दिवशी तिथेच थांबायचं, पण त्याच्या मध्ये थांबायचं नाही. प्रसंग पुरा करून मग. मूल बोललं नाही तर नाही. बोलायची जागा गाडी आहे, कारण तिथे एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. सिनेमा पुस्तकानंतर.

‘हे कधीतरी घडणाऱ्या एखाद्या प्रसंगावर लिहिलेलं आहे’ असं नवरा किंवा मूल म्हणालं तर एक आकडा जवळ ठेवा: वॉशिंग्टन पोस्ट या वर्तमानपत्रानं २०१५ ते २०२४ मोजदाद केली, त्या काळात अमेरिकेत पोलिसांच्या गोळीनं वर्षाला सुमारे हजार माणसं मेली, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात ब्लॅक माणसं मरण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त होतं. एकदाच सांगा. आकडे उगाळले की मूल मान डोलावतं आणि ऐकणं बंद करतं.

स्टार शाळेत एक भाषा बोलते, घरी दुसरी. आपल्या मुलांना तिच्यात शिरायला हे दार सगळ्यात सोपं. माझं नाव चार अक्षरी आहे, कॉफीच्या दुकानात मी ‘मे’ सांगते. यावर थोरली अर्धा तास बोलली. बोलू द्या. फक्त शेवटी आठवण ठेवा, की नाव बदलून सांगितल्यामुळे मला कॉफी लवकर मिळते, एवढंच होतं.

एका घरच्यांनी शाळेला पत्र लिहून पुस्तक बदलून मागितलं, आम्हालाही सही करायला सांगितलं. आम्ही केली नाही. संबंध थोडे ताणले, दिवाळीच्या फराळापर्यंत सैल झाले. एवढं होतं. साउथ कॅरोलायनात चार्ल्सटनच्या बाजूला २०१८ मध्ये तर पोलिसांच्या संघटनेनंच एका शाळेच्या सुट्टीतल्या वाचनयादीतल्या अशा दोन पुस्तकांवर हरकत घेतली होती.

‘म्हणून सांगते, नीट वागा’

हे वाक्य पुस्तक संपल्याच्या दिवशी बोलायचं नाही. जिभेवर येईल. गिळा.

बोलायचंच नाही असं नाही. स्टारचे आईबाप ती बारा वर्षांची असतानाच तिला बसवून सांगतात: पोलिसानं थांबवलं तर हात दिसतील असे ठेव, एकदम हलू नकोस, विचारल्याशिवाय बोलू नकोस. ब्लॅक घरांमध्ये हे बोलणं असतंच. आपल्या घरांतही करावं. पण वेगळ्या दिवशी, पुस्तक मिटून, नाहीतर मुलाला वाटतं की पुस्तकाचा अर्थ ‘खलील हलला नसता तर वाचला असता’ एवढाच आहे.

तसा तो नाही, याला आमच्या इथलाच दाखला आहे. फिलँडो कॅस्टिल, वय ३२, सेंट पॉलच्या एका शाळेत मुलांच्या जेवणाचं बघायचा. किरकोळ कारणांवरून पोलिसांनी त्याची गाडी त्याआधी चाळीसहून जास्त वेळा थांबवली होती. २०१६ च्या ६ जुलैला फाल्कन हाइट्समध्ये पुन्हा थांबवली. त्यानं अदबीनं सांगितलं, की माझ्याजवळ परवान्याची बंदूक आहे. काही सेकंदांत पोलिसानं त्याला गोळ्या घातल्या. गाडीत मैत्रीण होती, आणि मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. पोलीस खटल्यात निर्दोष सुटला.

माझा नवरा म्हणायचा, ‘मला दोनदा थांबवलं, दोन्ही वेळा सर म्हणाले.’ खरं आहे, म्हणाले. मी त्याला अलाबामाच्या मॅडिसन गावची गोष्ट वाचायला दिली. २०१५ चा फेब्रुवारी. नातवाला सांभाळायला गुजरातेतून आलेले आजोबा सकाळी मुलाच्या घरासमोर फिरत होते. कुणा शेजाऱ्यानं पोलिसांना फोन केला: एक बारीक ब्लॅक माणूस फिरतोय. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसानं त्यांना असं जमिनीवर आपटलं, की मानेला इजा होऊन अंग काही प्रमाणात लुळं पडलं. ज्युरीचं दोनदा एकमत झालं नाही, आणि शेवटी न्यायाधीशांनी त्या पोलिसाला मुक्त केलं. नवऱ्यानं वाचलं आणि विचारलं, ‘आई सकाळी किती वाजता फिरायला जाते?’

मिनेसोटात पंधराव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो. थोरलीला मिळाला त्या आठवड्यात आम्ही ते बोलणं केलं, आणि बोलून केलं नाही, गॅरेजमध्ये गाडीत बसून केलं. तसंच करा, तोंडी सांगितलेलं हातांना कळत नाही. ती चालकाच्या जागी. नवरा पोलीस, हातात टॉर्च. सासूबाईंना हे बघायचंच होतं, त्या मागे बसल्या, पट्टा लावून. मी दाराशी.

काच खाली. इंजिन बंद. दोन्ही हात चाकावर, दहा आणि दोन वाजल्यासारखे. नवरा आधी हसत होता, मग नाही. टॉर्च तिच्या तोंडावर धरून त्यानं इंग्रजीत परवाना मागितला.

‘माझ्या दप्तरात आहे,’ तिनं सांगितलं, ठरल्याप्रमाणे, हात न हलवता. ‘दप्तर मागच्या सीटवर आहे. घेऊ का?’

‘थांब गं, मी देते,’ म्हणत सासूबाई वाकल्या आणि त्यांनी दप्तरात हात घातला.

‘आई, हलू नकोस!’

तो इतक्या मोठ्यानं ओरडला, की धाकटा घरातून पळत आला. सासूबाईंचा हात दप्तरात तसाच. थोरलीचे चाकावर तसेच. आमच्या गॅरेजचा दिवा पाच मिनिटांनी आपोआप विझतो. तो विझला, आणि थोडा वेळ नुसती टॉर्च होती.